शालेय मैदानी स्पर्धेत उद्याचा खेळाडू कसा हेरावा

पावसाळा ओसरू लागला की नागपुरात शालेय मैदानी स्पर्धांची धांदल सुरू होते. कोराडी रोडवरच्या मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलात सकाळी साडेसहालाच ऑटो आणि शाळांच्या गाड्या लागतात. डबे, पाण्याच्या बाटल्या, सेफ्टी पिनांनी लावलेले चेस्ट नंबर, सगळीकडे पोरंच पोरं. आईवडील येतात, आपलं लेकरू धावलं की टाळ्या वाजवतात आणि निघून जातात. उरलेला दिवस मैदानावर इतकं काही घडत असतं, पण ते पाहायला फारसं कुणी थांबत नाही. मला याचं खरंच वाईट वाटतं. पुढे राज्यपातळी गाठणारी मुलगी कदाचित त्याच दिवशी चौथी आलेली असते आणि चौथीचं नाव कुणी लिहून घेत नाही. बरीच वर्षं वही आणि स्टॉपवॉच घेऊन मी मैदानाच्या कडेला बसतो आहे. त्यातून बसलेली पाहण्याची रीत इथे देतो.

आधी वयोगट समजून घ्या

शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात. वय १ जानेवारीपासून मोजलं जातं, त्यामुळे जानेवारीत जन्मलेला मुलगा आणि त्याच वर्षी डिसेंबरात जन्मलेला मुलगा एकाच गटात, एकाच रेषेवर उभे राहतात. तेराव्या वर्षी अकरा महिन्यांचं अंतर फार मोठं असतं. त्यात वाढीचा वेगही प्रत्येकाचा वेगळा. मुलींची उंची साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास झपाट्याने वाढते, मुलांची चौदाव्याच्या आसपास, पण दोनेक वर्षं मागेपुढे सहज होतात. म्हणून १४ वर्षांखालील १०० मीटरची फायनल पाहताना पहिला प्रश्न हा विचारा: हा जिंकला तो धावण्यामुळे, की याची वाढ आधी झाली म्हणून?

यात जिंकणाऱ्याचं पदक हलकं ठरत नाही. त्याने ते कमावलेलंच असतं. पण खेळाडू हेरायला निघालेल्या माणसाने त्याच रांगेतलं ते लहानखुरं पोर पाहावं, जे अर्ध्या सेकंदाने मागे राहिलं तरी ज्याचा गुडघा शेवटपर्यंत तसाच वर येत होता. त्याच्या नावाखाली रेघ मारा.

उलटंही होतं. सातवीत सगळ्यांना मागे टाकणारी मुलगी नववीत अचानक मंदावते. शरीर बदलत असतं, उंची-वजनाचा मेळ नव्याने बसत असतो. अशा वेळी घरचे म्हणतात, ‘झालं आता, अभ्यास कर.’ तिचं नाव वहीतून खोडू नका. वर्ष-दोन वर्षांत अनेक जणी पुन्हा वर येतात, फक्त तेवढा काळ कुणीतरी त्यांना मैदानावर टिकवून ठेवावं लागतं. आणि काहींची वेळ शाळा सुटल्यावरच येते. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे लष्करात गेल्यानंतर धावपटू म्हणून पुढे आला आणि २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये (अडथळ्यांच्या शर्यतीत) ८ मिनिटे ११.२० सेकंदांची वेळ देऊन त्याने रौप्य मिळवलं.

कोणत्या पातळीची स्पर्धा आहे हेही विचारून घ्या. तालुका किंवा महापालिका क्षेत्र, मग जिल्हा, विभाग, राज्य, राष्ट्रीय अशी चढण असते. एकच दिवस मोकळा असेल तर विभागीय स्पर्धा निवडा, कारण तिथे नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली अशा सहाही जिल्ह्यांची निवडक मुलं एकत्र दिसतात.

जागा बदलत राहा

फिनिश लाइनपाशी सगळेच गर्दी करतात. तिथून फक्त निकाल दिसतो. धावणं दिसायला हवं असेल तर १०० मीटरसाठी साधारण ६०-७० मीटरच्या समोर बसा. ४०० मीटरसाठी शेवटचं वळण संपतं तिथे. ८०० साठी मात्र फिनिशपाशीच, कारण शेवटच्या फेरीची घंटा वाजते तेव्हाचे चेहरे पाहायचे असतात.

१०० मीटर: कोण कमी मंदावतो ते पाहा

सुरुवातीला ज्याची मुसंडी जोरदार, त्याच्यावर सगळ्यांचे डोळे खिळतात. पण शाळेच्या वयात बहुतेकांचा वेग ५०-६० मीटरपर्यंत शिगेला पोचलेला असतो आणि पुढे तो उतरतच जातो. शर्यत ठरते ती कोण कमी उतरतो यावर. २००९ साली बर्लिनमध्ये ९.५८ सेकंदांचा विश्वविक्रम करणाऱ्या उसेन बोल्टचाही सर्वांत वेगवान टप्पा ६० ते ८० मीटरचा होता.

तर ७० मीटरपाशी बसून मान आणि खांदे पाहा. खांदे कानापर्यंत चढले, दात आवळले, डोकं मागे पडलं, की समजा पोर ताकदीने वेग ओढायला बघतंय आणि पाय जमिनीला चिकटू लागलेत. ज्याचा जबडा सैल आहे, हात समोरासमोर हलताहेत, आडवे होत नाहीत, त्याला पुढच्या दोन वर्षांत सोडू नका. सुरुवात शिकवता येते. सुरुवातीला पाय टेकवायचे ब्लॉक मिळाले, चांगले सर मिळाले की सहा महिन्यांत फरक पडतो. वेगात असताना अंग सैल ठेवणं शिकवायला मात्र फार वेळ लागतो.

वेळ घेत असाल तर बंदुकीच्या धुरावर किंवा क्लॅपरच्या (टाळीसारख्या वाजणाऱ्या दोन फळ्यांच्या) फळ्या मिटताना बटण दाबा, आवाजावर नाही. आवाज उशिरा पोचतो. हाताने घेतलेली वेळ इलेक्ट्रॉनिक वेळेपेक्षा चांगली दिसते, म्हणून तुलना करताना १०० आणि २०० मीटरला ०.२४ सेकंद मिळवतात. हे माहीत नसल्यामुळे घरोघरी ‘आमचा ११ सेकंदांत धावतो’ असे हिशेब चालू असतात.

४०० आणि ८००

४०० मीटरला मुलं एकमेकांच्या पुढे-मागे उभी दिसतात, तेव्हा नवीन पालक घाबरतात. बाहेरच्या लेनचं वळण लांब असतं, ते भरून काढायला दुसऱ्या लेनची सुरुवात ७.०४ मीटर पुढे असते आणि आठव्या लेनची साधारण ५३ मीटर पुढे. त्यामुळे शेवटचं वळण संपेपर्यंत कोण पुढे आहे ते नीट कळतच नाही.

इथे माझी युक्ती सोपी आहे. पहिल्या २०० मीटरची वेळ टिपा, मग दुसऱ्या २०० ची. फरक दोन-तीन सेकंदांचा असेल तर ते पोर डोकं ठेवून धावतंय. सहा-सात सेकंदांचा असेल तर ते जिवाच्या आकांताने सुटलं आणि वळणावर संपलं. पण अशा पोरालाही टाकून देऊ नका. ज्याच्यात तेवढं सुटण्याची हिंमत आहे, त्याला वेग वाटून वापरायला शिकवणं हे सरांचं काम.

लांब अंतराच्या शर्यतींत वेळेसोबत घड्याळात किती वाजले तेही लिहा. ऑक्टोबरच्या दुपारी नागपुरात धावलेले ३००० मीटर आणि सकाळी सातला धावलेले ३००० मीटर यांची तुलना करणं मुलांवर अन्याय आहे. याच शहराची प्राजक्ता गोडबोले २०१९ साली इटलीत नेपल्सला जागतिक विद्यापीठ स्पर्धेत ५००० मीटर धावली, हे मी दर वर्षी या शर्यतीच्या वेळी शेजारी बसलेल्यांना सांगतो. नागपूरची मुलगी तिथवर जाते, हे मुलांच्या कानावर पडलं पाहिजे.

लांब उडीचा पिट: इथे जास्त वेळ द्या

माझ्या मते खेळाडू हेरायला सगळ्यात चांगली जागा हीच. इथे एकच मूल पुन्हा पुन्हा दिसतं आणि ते चुकीतून काय शिकतं तेही दिसतं.

उडी मोजतात ती टेक-ऑफ रेषेपासून, वाळूतल्या सर्वांत जवळच्या खुणेपर्यंत. पाय कुठून सुटला याला मोजमापात किंमत नाही. म्हणजे एखाद्या मुलीने रेषेच्या ३० सेंटिमीटर आधीच उडी घेतली, तर तिचे ३० सेंटिमीटर वाया गेले. ज्यावरून उडी घ्यायची तो बोर्ड २० सेंटिमीटर रुंद असतो, त्याच्या आधाराने डोळ्यांनी अंदाज बांधता येतो. नोंदलेल्या अंतरात हे वाया गेलेलं अंतर मिळवा. जो आकडा येईल ती तिची खरी उडी. निकालपत्रात तो नसतो, तुमच्या वहीत असायला हवा.

एका वर्षीची गोष्ट. १४ वर्षांखालील मुलींची स्पर्धा चालू होती. एक काटक मुलगी, नंबराची एक पिन सुटलेली, रनअपची खूण म्हणून कडेला स्वतःची निळी चप्पल ठेवलेली. पहिल्या उडीत तिचा पाय बोर्डाच्या हातभर आधी पडला. दुसऱ्यातही तेच, आणि वर मागे हात टेकल्यामुळे माप हाताच्या खुणेपासून गेलं. ती सरांकडे आली. ‘सर, माहा पाय मागंच पडून राह्यला.’ सर दोरीपलीकडून म्हणाले, ‘मंग खूण एक पाऊल पुढं घे. अन् शेवटी खाली नको पाहू.’ ती गेली, चप्पल उचलली, एकदा पाऊल टाकून मोजलं, पुसलं, परत मोजलं. तिसऱ्या वेळी टाच बोर्डावर, पांढरा झेंडा वर, म्हणजे उडी वैध. उडी आधीपेक्षा चांगली दोन विती पुढे. ती पहिल्या तिघींत आली नाही. मी मात्र तिचा नंबर, शाळा आणि ‘स्वतः मोजते’ एवढे दोन शब्द लिहिले. पुढच्या वर्षी ती विभागीयला दिसली तेव्हा चप्पल तीच होती.

हे पाहा: खूण कोण बदलतं, कोण नुसतं चिडतं. फाउल झाल्यावर कोण लाल झेंड्याकडे पाहत बसतं आणि कोण पावलं मोजायला परत जातं.

उंच उडी, फेक आणि बाकीचं

उंच उडीत अजून पुष्कळ मुलं कात्री उडी मारतात, कारण शाळेत फोमची गादी नसते आणि पाठीवर पडायची सवय कुठे करणार? अशा मुलाची उंची कमी भरली म्हणून त्याला कमी समजू नका. त्याचा टेक-ऑफचा शेवटचा पाय पाहा, तो झटक्यात उचलला जातो का. नाशिक जिल्ह्यातल्या देवगावचा सर्वेश कुशारे मक्याचा भुसा भरलेल्या गादीवर उडी शिकला आणि २०२५ च्या टोकियो जागतिक स्पर्धेत २.२८ मीटर उडी मारून सहावा आला.

गोळाफेकीत सगळे हाताकडे पाहतात. तुम्ही पायांकडे पाहा. २.१३५ मीटर व्यासाच्या वर्तुळात मागून पुढे येताना जो पाय आणि कंबर आधी वळवतो आणि हात सगळ्यात शेवटी सोडतो, त्याला अंतर मिळणारच. नुसत्या खांद्याच्या जोरावर फेकणारा धिप्पाड मुलगा आज जिंकेल, पण गोळा जड झाला की अडेल.

४ × १०० मीटर रिलेत बॅटन ३० मीटरच्या टप्प्यात हातातून हातात जायला हवी. ज्या शाळेचं बदलणं न पाहता, न थांबता होतं, तिथले सर मुलांवर मेहनत घेतात असं समजा आणि त्या शाळेच्या इतर मुलांवरही नजर ठेवा. चालण्याच्या शर्यतीला लोक हसतात. कृपा करून हसू नका. एक पाय सतत जमिनीवर आणि पाय टेकल्यापासून गुडघा सरळ, हे सांभाळत तीन किंवा पाच किलोमीटर चालणं फार कष्टाचं आहे.

वहीत काय लिहाल, तोंडाने काय बोलाल

चेस्ट नंबर, शाळा, गट, प्रकार, वेळ किंवा अंतर, क्रमांक आणि एक शेरा. शेरा पाहिलेल्या गोष्टीचा हवा, ‘छान धावली’ असा नाही. ‘शेवटचे ३० मीटर खांदे सैल’ असा. एका स्पर्धेत नंबर लिहिताना अदलाबदल झाली आणि तिसऱ्या आलेल्या मुलाचं नाव निकालातच नव्हतं. माझ्या वहीत ते होतं, पण मी काही पंच नव्हतो आणि हरकत घ्यायची मुदतही निघून गेली होती. तेव्हापासून अशी गफलत दिसली की मी तिथल्या तिथे त्या शाळेच्या क्रीडा शिक्षकांना सांगतो. हरकत त्यांनाच घेता येते.

मैदानाच्या आत जाऊ नका, मुलांचे आणि विशेषतः मुलींचे फोटो परवानगीशिवाय काढू नका. आणि तेरा वर्षांच्या लेकराला ‘तू ऑलिम्पिकला जाशील’ असं कधीही म्हणू नका. ते वाक्य त्याला झोपू देत नाही. त्याऐवजी त्याच्या सरांना गाठा आणि काय पाहिलं तेवढं सांगा: ‘तुमच्या ४७ नंबरच्या मुलीने तिसऱ्या उडीआधी खूण स्वतः सरकवली.’ सर ते तिला बरोबर वेळेला सांगतील.

संध्याकाळी निकालाचे कागद भिंतीवर लागतात तेव्हा पालकांची गर्दी पहिल्या तीन नावांपाशी असते. ती पांगू द्या. मग चौथ्या नंबरापासून खाली बोट फिरवत जा, वहीतले नंबर जुळवा आणि निघण्याआधी पुढची स्पर्धा कोणत्या तारखेला आहे ते विचारून घ्या.