दोन रंगांचा काऊल विणायचाय? पहिल्यांदा फेअर आयल करणाऱ्यांसाठी

सुलट टाका, उलट टाका येत असेल आणि गोल सुईवर एखादी टोपी विणून झाली असेल तर दोन रंगांचं विणकाम नक्की जमतं. लांबून बघितलं की डिझाइन फार किचकट वाटतं, पण एका फेरीत हातात दोनच धागे असतात, ज्या रंगाचा टाका हवा तो विणायचा आणि दुसरा धागा मागून नुसता पुढे न्यायचा, एवढंच आहे ते. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी आणि शेटलंडच्या मधे फेअर आयल नावाचं एक छोटं बेट आहे, तिथलं हे काम, म्हणून नावही तेच. १९२२ मधे प्रिन्स ऑफ वेल्सने गोल्फ खेळताना तिथला स्वेटर घातला आणि मग त्याची फॅशनच आली. त्या स्वेटरमधे भरपूर रंग दिसतात, पण परंपरेने एका फेरीत दोनपेक्षा जास्त रंग नसतात.

पहिल्यांदा स्वेटर नको, काऊलच करा. काऊल म्हणजे डोक्यावरून घालायचा गोल गळपट्टा. त्यात टाके कमी-जास्त करायचे नसतात, बाह्या नाहीत, गळा नाही, आणि गोल विणत असल्यामुळे सुलट बाजू कायम डोळ्यासमोर राहते, म्हणजे चुकलं तर तिथल्या तिथे कळतं.

सामान: ४ मिमीची ४० सेंमी लांब गोल सुई (जुन्या नंबरात ८ नंबर), डबल निट जाडीची (म्हणजे मध्यम जाडीची) लोकर, मुख्य रंग १०० ग्रॅम आणि दुसरा ५० ग्रॅम (पुरून उरते), एक मार्कर (फेरीची सुरुवात ओळखायला सुईवर घालायची छोटी कडी), आणि टोकं ओवायला बोथट जाड सुई. आपल्याकडे दुकानात लोकर मागितली तर बरेचदा ॲक्रिलिकच हातात येतं, त्यामुळे लेबल वाचा. ॲक्रिलिकने होतच नाही असं नाही, पण खऱ्या लोकरीचे तंतू एकमेकांना धरून बसतात आणि धुतल्यावर टाके छान सारखे होतात, तर ॲक्रिलिक जरा निसटतं. शक्य असेल तर पहिला काऊल लोकरीचाच करा, गुळगुळीत चकचकीत धागा तर अजिबात नको.

रंग निवडताना एक गडद आणि एक फिका घ्या. दोन्ही गुंडे शेजारी ठेवून मोबाइलवर ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढा, फोटोत दोन्ही सारखेच राखाडी दिसले तर डिझाइन उठणार नाही, मग ते रंग वेगवेगळे कितीही सुंदर असोत. इथे मी गडद निळा मुख्य आणि क्रीम दुसरा धरलाय.

आधी नमुन्याचा तुकडा विणाच, कंटाळा करू नका. १० सेंमीत २२ टाके यायला हवेत, जास्त आले तर सुई थोडी जाड घ्या. तुकडाही दोन रंगातच विणा कारण दोन रंगात हात आपोआप घट्ट होतो, साध्या विणीचं माप इथे चालत नाही.

सुरुवात: निळ्याने १३२ टाके घाला, सैल घाला. गोल जोडताना टाक्यांची कड सगळीकडे आतल्या बाजूला आहे ना, कुठे पीळ पडला नाही ना हे नीट बघा, कारण एकदा पीळ पडून जोडलं तर नंतर सुटत नाही, उसवावंच लागतं. मार्कर लावा. २ सुलट २ उलट अशा ८ फेऱ्या, मग २ फेऱ्या नुसत्या सुलट.

चौकडा, ४ फेऱ्या: पहिल्या दोन फेऱ्यात २ निळे २ क्रीम, हेच शेवटपर्यंत. पुढच्या दोन फेऱ्यात उलटं, २ क्रीम २ निळे. मग २ फेऱ्या नुसत्या निळ्या.

शंकरपाळा, ५ फेऱ्या (दर ६ टाक्यांनी परत तेच):
१ली: १ क्रीम, ५ निळे
२री: २ क्रीम, ३ निळे, १ क्रीम
३री: ३ क्रीम, १ निळा, २ क्रीम
४थी: दुसरीसारखी
५वी: पहिलीसारखी
मग परत २ निळ्या फेऱ्या.

चौकडा, निळ्या, शंकरपाळा, निळ्या, हा १३ फेऱ्यांचा गट एकूण तीनदा करा, शेवटी अजून एक चौकडा आणि २ निळ्या फेऱ्या, मग ८ फेऱ्या २ सुलट २ उलट आणि टाके सैल बंद. काऊल साधारण ६० सेंमी घेराचा आणि २३ सेंमीच्या आसपास उंच होतो. मधल्या निळ्या फेऱ्यांच्या वेळी क्रीम तोडायचा नाही, फेरीच्या सुरुवातीला निळ्याला एक वळसा देऊन तसाच वर न्यायचा, नाहीतर शेवटी ओवायला टोकांचा ढीग होतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, मागचा धागा, म्हणजे फ्लोट. काऊल डोक्यातून जाणार की नाही हे फ्लोटवर ठरतं. दोन रंगांची वीण मुळातच कमी ताणते आणि त्यात मागचा धागा आखडला की समोर चुण्या पडतात. म्हणून रंग बदलायच्या आधी उजव्या सुईवरचे नुकतेच विणलेले टाके बोटांनी पसरवायचे, आणि तेवढ्या रुंदीवर धागा आरामात आडवा पडेल इतका सोडायचा. लोंबता नको, ताणलेला तर नकोच. हे प्रत्येक रंगबदलाला करायचं, सुरुवातीला वेळ लागतो पण काही फेऱ्यात हात स्वतःहून करायला लागतो. तरीही घट्टच येत असेल तर काम उलटं करा, म्हणजे आतली बाजू बाहेर ठेवून सुयांच्या पलीकडच्या कडेला विणा, त्याने फ्लोटला बाहेरून वळसा घ्यावा लागतो आणि तो आपोआप लांब होतो. आपल्या नमुन्यात सगळ्यात लांब फ्लोट ५ टाक्यांचा आहे, तेवढ्यासाठी धागा मधे अडकवायची गरज नाही.

दुसरी गोष्ट, धाग्यांची जागा बदलू नका. मागे एक धागा कायम वरून जातो आणि एक खालून, आणि जो खालून जातो त्याचे टाके थोडे मोठे, उठावदार दिसतात. डिझाइन क्रीमचं आहे म्हणून क्रीम कायम खालून, निळा कायम वरून. मधेच अदलाबदल झाली तर तेवढाच पट्टा फिका वाटतो आणि कारण लवकर सापडत नाही. एक धागा उजव्या हातात आणि एक डाव्या हातात धरायला जमलं तर काम भराभर होतं आणि धागे गुंतत नाहीत, पण एक सोडून दुसरा उचलत विणलं तरी काही बिघडत नाही, फक्त गुंडे एक डावीकडे एक उजवीकडे ठेवा.

फेरी जिथे सुरू होते तिथे डिझाइनला एक छोटी पायरी दिसेल. गोल विणीत ती येतेच, घालताना ती बाजू मानेमागे ठेवा. एखादा टाका चुकीच्या रंगाचा गेला आणि उशिरा दिसला तर उसवू नका, बोथट सुईत बरोबर रंग ओवून त्या टाक्याच्या वाटेनेच वरून दुसरा टाका घाला, कोणाला कळत नाही.

टोकं आतल्या बाजूला त्या-त्या रंगाच्या टाक्यांत ओवा. मग काऊल कोमट पाण्यात थोडं लोकरीचं लिक्विड घालून पंधरा-वीस मिनिटं भिजवा, चोळू नका, पिळू नका, टॉवेलमधे गुंडाळून दाबा आणि हाताने आकार देऊन सावलीत आडवा वाळवा. गडद रंग पहिल्यांदा जातो, विशेषतः लाल आणि मरून, त्यामुळे विणायच्या आधीच हातभर धागा पांढऱ्या कपड्यात ओला करून तपासा. ॲक्रिलिक असेल तर इस्त्री फिरवायची नाही, वीण कायमची चपटी होते.