हिरवे क्रिस्टल आले, आता ते खरे आहेत का ते तपासा : फेरीऑक्झलेटचं प्रॅक्टिकल नीट कसं करायचं

कोऑर्डिनेशन कंपाउंडच्या (म्हणजे कॉम्प्लेक्सच्या, मधे धातू आणि त्याला धरून बसलेले आयन किंवा रेणू) प्रॅक्टिकलला बहुतेक जण एकच चूक करतात, बाटलीत सुंदर हिरवे क्रिस्टल आले की वजन करायचं, यील्ड काढायची, जर्नलमध्ये फॉर्म्युला लिहून टाकायचा आणि निघायचं. तो फॉर्म्युला तुम्ही पुस्तकातून उचललेला असतो, तुमच्या बाटलीतल्या पदार्थाने तो अजून सिद्ध केलेला नसतो. मी इतकी वर्षं हे प्रॅक्टिकल घेतोय आणि दरवेळी पोरांना सांगतो की बनवायला जितका वेळ देता तितकाच तपासायला द्या. पुढे रिसर्चला गेलात तर नवीन कॉम्प्लेक्सच्या बाबतीत कोणी पुस्तक उघडून उत्तर दाखवणार नाहीये.

आपलं फेरीऑक्झलेट म्हणजे पोटॅशियम ट्रिसऑक्झलॅटोफेरेट, मधे फेरिक आयर्न (तीन इलेक्ट्रॉन गेलेलं, दोनच गेले तर फेरस) आणि त्याला तीन ऑक्झलेट दोन्ही हातांनी धरून बसलेले, बाहेर तीन पोटॅशियम आणि क्रिस्टलमध्ये तीन पाणी. मोलर मास ४९१.२५. हे लक्षात असू द्या, पुढे सारखं लागणार आहे.

सुरुवात मोहर सॉल्टपासून, म्हणजे फेरस अमोनियम सल्फेट. ५ ग्रॅम घ्या, २० मिली कोमट पाण्यात विरघळवा, त्यात डायल्यूट सल्फ्युरिक अॅसिडचे चार-पाच थेंब टाका नाहीतर फेरस हवेने ऑक्सिडाइज होऊन पाणी तपकिरी व्हायला लागतं. मग १ मोलर ऑक्झॅलिक अॅसिड २५ मिली. लगेच पिवळा साका येतो, तो फेरस ऑक्झलेट. आता हळूहळू उकळीपर्यंत न्या आणि काचेची कांडी एक सेकंदही थांबवू नका, कारण हा साका तळाशी बसला की खालून वाफ अडकते आणि अख्खं बीकर उसळतं, गॉगल हवाच. ऑक्झॅलिक अॅसिड विषारी आहे म्हणून ग्लोव्हजही हवेत.

उकळलं की खाली ठेवा, साका बसू द्या, वरचं पाणी निथळून टाका आणि गरम पाण्याने धुवा. इथे घाई करू नका प्लीज. मोहर सॉल्टमधलं अमोनियम आणि सल्फेट इथेच काढून टाकायचंय, राहिलं तर शेवटी पोटॅशियमच्या जागी थोडं अमोनियम क्रिस्टलमध्ये घुसतं आणि मग डोकं धरून बसायची वेळ येते. धुतलेल्या पाण्याचा नमुना टेस्ट ट्यूबमध्ये घ्या, डायल्यूट हायड्रोक्लोरिक अॅसिड आणि बेरियम क्लोराइड टाका, पांढरं आलं तर अजून धुवा. अॅसिड का? कारण बेरियम ऑक्झलेटही पांढरंच असतं पण ते अॅसिडमध्ये विरघळतं, बेरियम सल्फेट विरघळत नाही.

आता पोटॅशियम ऑक्झलेट मोनोहायड्रेट ३.५ ग्रॅम, १० मिली पाण्यात गरम करून, या साक्यावर ओता. तापमान ४० डिग्रीला आणा आणि ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड २० मिली हळूहळू, अगदी थेंबथेंब. तापमान फार वर गेलं तर पेरॉक्साइड स्वतःच फुटून जातं, आयर्नपर्यंत पोचतच नाही, खाली राहिलं तर रिअॅक्शन रेंगाळते. पिवळ्याचं तपकिरी होईल, घाबरू नका, फेरिक हायड्रॉक्साइड आहे ते. सगळं फेरस संपलं का ते बघायला एक थेंब टाइलवर घ्या, थोडं अॅसिड आणि पोटॅशियम फेरीसायनाइडचा थेंब टाका, निळं झालं तर पेरॉक्साइड अजून लागेल.

मग उकळी आणून जास्तीचं पेरॉक्साइड घालवा आणि १ मोलर ऑक्झॅलिक अॅसिड ८ मिली द्या, पहिलं ५ मिली एकदम आणि उरलेलं ३ मिली थेंबाथेंबाने. हा क्षण मात्र कितीही वेळा बघितला तरी मला आवडतो, तो चिखलासारखा तपकिरी गाळ बघता बघता नाहीसा होतो आणि खालून पारदर्शक हिरवं पाणी निघतं. क्लिअर झालं की थांबा. जास्तीचं ऑक्झॅलिक अॅसिड टाकलं तर शेवटी तेच क्रिस्टल होऊन सोबत येतं.

गरम असतानाच फिल्टर करा, हॉटप्लेट बंद करून १० मिली इथेनॉल हळूहळू मिसळा आणि अंधारात गार व्हायला ठेवा. इथेनॉल एकदम ओतलं तर क्रिस्टलऐवजी पावडर पडते आणि पोटॅशियम ऑक्झलेटही बरोबर खाली येतं. अंधाराचं मी मनापासून सांगतोय, एकदा माझा फ्लास्क रात्रभर आणि सकाळच्या उन्हात खिडकीशी राहिला आणि तळाशी हिरव्याच्या जागी पिवळी पावडर, पुन्हा फेरस ऑक्झलेट. प्रकाशाने ऑक्झलेटमधला इलेक्ट्रॉन आयर्नकडे जातो, कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि सगळी मेहनत उलटी फिरते.

५ ग्रॅम मोहर सॉल्टवरून जास्तीत जास्त ६.२६ ग्रॅम मिळू शकतं. वजन त्याच्यापेक्षा जास्त आलं तर खुश होऊ नका, ओलं आहे किंवा भेसळ आहे. पुन्हा क्रिस्टल करायचे तर गरम पाणी कमीत कमी वापरा, १०० मिलीत उकळत्या पाण्यात ११८ ग्रॅम विरघळतं आणि ० डिग्रीला जेमतेम ४.७, म्हणजे गार केल्यावर जवळजवळ सगळं परत मिळतं.

आता खरं काम. ०.२ ग्रॅमच्या आसपास अचूक वजन करा, डायल्यूट सल्फ्युरिक अॅसिडमध्ये विरघळवा, साधारण ६५ डिग्रीला तापवा आणि ०.०२ मोलर परमँगनेटने टायट्रेट करा, म्हणजे गुलाबी रंग टिकेपर्यंत थेंबाथेंबाने टाकून किती लागलं ते मोजा. पहिले थेंब गुलाबी तसेच राहतात, धीर धरा, थोडं मँगनीज टू तयार झालं की तेच रिअॅक्शनला वेग देतं. बरोबर ०.२ ग्रॅमला साधारण २४.४ मिली लागायला हवं, हे ऑक्झलेटचं रीडिंग. त्याच फ्लास्कमध्ये मग झिंक डस्ट टाका, पिवळेपणा जाईपर्यंत तापवा (एका थेंबाला थायोसायनेटने लाल रंग येता कामा नये), झिंक फिल्टर करून टाका, फिल्टर पेपर डायल्यूट अॅसिडने धुवून ते पाणीही आत घ्या आणि लगेच पुन्हा टायट्रेट करा. आता साधारण ४.०७ मिली, हे आयर्नचं.

पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागा. ६ यायला पाहिजे. एक ऑक्झलेट दोन इलेक्ट्रॉन देतं, तीन ऑक्झलेटचे सहा, आणि आयर्न फेरसचं फेरिक होताना एकच देतं. या रेशोची गंमत अशी की वजन थोडं चुकलं, परमँगनेटचं स्टँडर्डायझेशन (त्याची नेमकी ताकद ठरवणं) जरा गंडलं तरी फरक पडत नाही, दोन्हीकडे तेच परमँगनेट आहे. ६.५ आलं तर एकतर मोकळं ऑक्झॅलिक अॅसिड सोबत आलंय किंवा थांबलात तेवढ्यात हवेने फेरस ऑक्सिडाइज केलं. ५.५ आलं तर झिंकचे कण फिल्टरमधून खाली उतरलेत, किंवा झिंकमध्येच आयर्न आहे, त्यासाठी ब्लँक करा, म्हणजे कॉम्प्लेक्स न टाकता तेच सगळं. फक्त एक अडचण, ४ मिलीत एका थेंबाची चूक म्हणजे १ टक्क्याहून जास्त, म्हणून आयर्नला परमँगनेट चौपट डायल्यूट करून वापरा आणि आलेल्या रीडिंगला चारने भागा.

पण रेशो ६ आला म्हणून संपत नाही, मघाचं अमोनियम घुसलं असेल तरी रेशो ६च येतो. म्हणून टक्केवारीही काढा, आयर्न ११.४ आणि ऑक्झलेट ५३.८ टक्के हवं (इथे मात्र वजन आणि परमँगनेट दोन्ही चोख लागतात). टीजीए मशीन (तापवत तापवत वजन मोजणारं) असेल तर तीन पाण्याचं ११.० टक्के वजन कमी झालेलं दिसतं. मॅग्नेटिक बॅलन्सवर मोमेंट ५.९ बोर मॅग्नेटॉनच्या जवळ आला की पाच इलेक्ट्रॉन सुटे आहेत हे कळतं, म्हणजे हाय स्पिन, ऑक्झलेटचं फील्ड इथे कमजोर पडतं. कंडक्टन्स मोजला तर पाण्यात चार आयन दिसतात. वर्नरने १८९३ मध्ये कोऑर्डिनेशन कंपाउंडचा आपला सिद्धांत मांडला तेव्हा त्याच्याकडे एक्सरे वगैरे काहीच नव्हतं, नंतर मिओलातीबरोबर असेच कंडक्टन्स मोजून त्याने दाखवलं की धातूला धरलेलं काय आणि बाहेर मोकळं काय.

शिकवणाऱ्यांसाठी एक छोटा प्रयोग. कॉम्प्लेक्सच्या पाण्यात थायोसायनेट टाका, रक्तासारखा लाल रंग येत नाही. आता अॅसिड टाका, लाल व्हायला लागतं, कारण ऑक्झलेटला प्रोटॉन चिकटले की त्याची आयर्नवरची पकड सुटते. लिगंडने (इथे ऑक्झलेटने) धातू धरून ठेवलाय हे पोरं दोन मिनिटांत डोळ्यांनी बघतात, व्हायवाला हे कधी विसरत नाहीत.

उरलेलं सॉलिड तपकिरी बाटलीत, फॉइल गुंडाळून ठेवा. हॅचर्ड आणि पार्कर यांनी १९५६ मध्ये याच कॉम्प्लेक्सने प्रकाश मोजायची पद्धत पक्की केली आणि फोटोकेमिस्ट्रीच्या लॅबमध्ये ती अजूनही चालते. तुमच्याकडे थोडं वाचलं असेल तर अंधुक उजेडात त्याच्या दाट द्रावणात फिल्टर पेपर भिजवून वाळवा, वर एक झाडाचं पान दाबून ठेवा, काही मिनिटं उन्हात धरा आणि मग पोटॅशियम फेरीसायनाइडच्या पातळ द्रावणात बुडवून पाण्याने धुवा. ऊन लागलं तिथे गडद निळं होतं आणि मधे पानाची आकृती पांढरी राहते, देठासकट.