नवरा तुरुंगात असताना घरचं रेशन आणि सरकारी अनुदान कसं सांभाळावं

घरातला माणूस तुरुंगात गेला की आता रेशनही बंद होणार, अशी भीती घरच्यांना वाटते. तसं होत नाही. बायकोचा, मुलांचा, म्हाताऱ्या आईवडिलांचा हक्क त्यांच्या स्वतःच्या नावावर असतो. अडतं कुठे, तर जिथे त्याचा अंगठा, त्याची सही किंवा त्याच्या मोबाईलवरचा ओटीपी लागतो तिथे. त्याचं सिम घरात असेल तर आधी रिचार्ज करा. आधारला जोडलेला नंबर बंद पडला तर पुढची निम्मी कामं अडतात.

मग तुरुंगाचा दाखला. मुलाखतीला जाल तेव्हा अधीक्षकांच्या नावे साधा अर्ज न्या. दाखल झाल्याची तारीख, कच्चा कैदी की शिक्षा झालेला, शिक्षा किती, एवढं त्यात लिहून मागा. शिक्षा झाली असेल तर कोर्टातून निकालाची प्रमाणित प्रतही काढा. झेरॉक्स चार-पाच ठेवा आणि मूळ कागद कुठल्याही टेबलावर सोडून येऊ नका.

रेशनचं फार अवघड नाही. अंत्योदय कार्डावर घरटी ३५ किलो मिळतं, प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो. कार्डावर नाव असलेल्या कोणाचाही अंगठा चालतो. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानुसार कुटुंबप्रमुख घरातली १८ वर्षांवरची सर्वांत मोठी बाईच असते. कार्ड अजून नवऱ्याच्या नावावर असेल तर तहसीलच्या पुरवठा शाखेत बदलून घ्या. त्याची ई-केवायसी राहिली असेल तर दाखला जोडून लेखी कळवा आणि पोच घ्या.

खरं लक्ष द्यायचं ते संजय गांधी निराधार अनुदान योजनेकडे. दरमहा १५०० रुपये मिळणाऱ्या या योजनेच्या यादीत कैद्याची पत्नी आहे, हे बऱ्याच घरांना माहीतच नसतं. मात्र शब्द आहेत ‘तुरुंगात शिक्षा भोगत असलेल्या’. म्हणजे खटला चालू असलेल्या कच्च्या कैद्याच्या बायकोचा अर्ज इथेच अडतो. वय ६५ च्या आत, महाराष्ट्रात १५ वर्षांचं वास्तव्य आणि वर्षाला २१,००० पर्यंत उत्पन्न, या अटी आहेत. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी जाल तेव्हा तलाठ्याला तुरुंगाचा दाखला दाखवा आणि त्याची कमाई कधीपासून थांबली ते सांगा. लाडकी बहीणचे १५०० आणि हे १५०० एकत्र मिळत नाहीत, त्यामुळे दोन्हीकडे अर्ज करून गुंता करू नका.

मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे, महिन्याला मुलामागे २२५० रुपये. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात करायचा. आदेश बालकल्याण समिती देते.

पीएम किसानचे पैसे त्याच्या खात्यात पडून राहत असतील तर त्याच्या वतीने व्यवहार करायचा अधिकार देणारं मुखत्यारपत्र करा. १९०८ च्या नोंदणी कायद्याचं कलम ३३ तुरुंगातल्या माणसाला नोंदणी कार्यालयात हजर राहण्यातून सूट देतं. ‘माणूस समोर आणा’ म्हणणाऱ्याला हे कलम दाखवा. कागद करायला वकील हवा असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० ला फोन करा. बाईला आणि कैद्यालाही वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

तो सुटून आला की तहसीलला लेखी कळवा. अनुदान ‘कैद्याची पत्नी’ म्हणून चालू झालेलं असतं. गप्प बसलात तर पुढे वसुलीचं लचांड मागे लागू शकतं.