जुने प्रवासी पोस्टर अस्सल आहे की फेरछपाई, हे कसे ओळखावे

रेल्वेच्या किंवा आगबोटीच्या जुन्या पोस्टराचा कागद पिवळा पडला असेल तर ते अस्सल समजावे, हा सर्वत्र मिळणारा सल्ला निरुपयोगी आहे, कारण चहाच्या पाण्याने कोणताही कागद एका दुपारीत पिवळा करता येतो.

प्रथम चौकट काढून कागद मोजावा. ब्रिटिश रेल्वे कंपन्यांची पोस्टरे बहुधा ४० × २५ किंवा ४० × ५० इंचांची असत. नंतर कंपनीचे नाव पाहावे: जुनी एलएनईआर (लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वे) ही कंपनी १९२३ ते १९४७ एवढ्याच काळात होती, त्यामुळे जुन्या म्हणून दाखवलेल्या पोस्टरावर त्या नावासोबत त्यानंतरचे साल दिसले तर ते अस्सल नाही, पुढे तपासण्याची गरज नाही.

खरी कसोटी भिंगाखाली लागते, आणि मला सर्वाधिक काळ चकवले ते याच टप्प्याने. दहापट मोठे दाखवणारे भिंग घ्यावे. ठिपके दिसले की फेरछपाई, असे सरसकट सांगितले जाते, पण ते चुकीचे आहे. शिळाछापाचे (लिथोग्राफीचे, म्हणजे दगडावरून किंवा पत्र्यावरून केलेल्या जुन्या छपाईचे) कारागीर छटा दाखवण्यासाठी खडूने घासत किंवा शाईचे तुषार उडवत, त्यामुळे अस्सल पोस्टराच्या आकाशातही ठिपके दिसतात. ते लहानमोठे आणि विस्कळीत असतात, तर ऑफसेटचे, म्हणजे आधुनिक छापखान्यातील छपाईचे, ठिपके ओळीने, जाळीसारखे बसलेले असतात. इंकजेटचे ठिपके मात्र विस्कळीतच असतात आणि तुषारांसारखे भासतात, म्हणून आकाश पाहून कधीही निर्णय देऊ नये. भिंग एखाद्या मोठ्या, सपाट रंगाच्या अक्षरावर ठेवावे. शिळाछापात नारिंगी अक्षर बहुधा नारिंगी शाईनेच छापलेले, आतून सलग आणि कडेला स्वच्छ असते. इंकजेटमध्ये तोच नारिंगी रंग पिवळ्या आणि किरमिजी कणांच्या मिश्रणातून तयार होतो व अक्षराची कड विरते. घरात रविवर्मा छापखान्याचे जुने चित्र असेल तर आधी त्यावर आणि शेजारी आजच्या छापील दिनदर्शिकेवर भिंग फिरवून नजर तयार करावी. कोणत्याही वर्णनापेक्षा हा सराव अधिक शिकवतो.

युद्धोत्तर काळातील छायाचित्रांची पोस्टरे याला अपवाद आहेत, कारण त्यांच्या अस्सल प्रतींमध्येही ऑफसेटची जाळी सापडते. तेथे आकार, कागद आणि खालच्या कडेवरील मुद्रकाचे नाव एकत्र तपासावे.

ऑनलाइन खरेदी असेल तर विक्रेत्याकडून एका अक्षराच्या कडेचे भिंगातून काढलेले छायाचित्र मागावे, आणि ते देण्यास किंवा चौकट उघडण्यास नकार मिळाला तर व्यवहार तेथेच थांबवावा.