क्लिकला किती द्यायचे? ऑनलाइन माल विकणाऱ्या सोलापूरकरांसाठी जाहिरात लावायची पद्धत

हल्ली सोलापूरच्या पूर्व भागात, म्हणजे आपल्या यंत्रमागांच्या वस्तीत, कुणाच्याही कारखान्यात गेलं की लूमच्या खडखडाटात ओरडून एकच प्रश्न विचारतात, "अण्णा, ते ऑनलाइनवर पैसे भरून जाहिरात लावायची म्हणतात, लावू का नको?" मी काकांच्या लूमवरचे टेरी टॉवेल आणि नॅपकिन ऑनलाइन विकतो, जाहिरातीत पैसे घालवलेत पण आणि कमावलेत पण, म्हणून प्रत्येकाला चहावर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहूनच टाकतो.

आधी हे चालतं कसं ते बघा. गिऱ्हाईक अ‍ॅमेझॉनवर टॉवेल शोधतं, वर जे तीन-चार टॉवेल दिसतात त्यातल्या काहींवर बारीक अक्षरात स्पॉन्सर्ड लिहिलेलं असतं, ती जागा पैसे देऊन घेतलेली असते. पैसे दिसण्याचे नाही, क्लिकचे. गिऱ्हाइकाने बोट लावलं की कापले, मग त्याने घेतलं काय आणि न घेता पुढे गेलं काय. म्हणजे नवी पेठेत दुकानाच्या पायरीवर कुणी पाय ठेवला की दरवेळी पाच रुपये द्यायचे, असा व्यवहार आहे हा. आता पायरी चढणाऱ्या शंभरातले किती जण पिशवी घेऊन उतरतात, त्यावर सगळा खेळ.

आधी कागदावर हिशोब

हे न करता जाहिरातीचं बटण दाबू नका. लोक उलटं करतात, आधी रोज पाचशेचं बजेट टाकतात आणि महिनाअखेरीला डोकं धरून बसतात.

समजा दोन टॉवेलचा सेट ४९९ ला लावलाय. त्यात ५ टक्के जीएसटी आतच आहे, ते २४ रुपये गेले. माल आपल्याला पडला २४०. पिशवी, लेबल, टेप १२. मार्केटप्लेसची (म्हणजे अ‍ॅमेझॉनसारख्या साइटची) फी आणि कुरिअर मिळून धरू ९५, तुमचा आकडा वेगळा असेल, पेमेंटच्या रिपोर्टमध्ये एका ऑर्डरवर टिचकी मारून बघा, तिथे पैसा न् पैसा दिसतो. मग रिटर्न. शंभरात आठ परत आले आणि प्रत्येकाला १२० चा फटका बसला, तर दर ऑर्डरमागे साधारण १० रुपये बाजूला काढायचे, हे कुणीच धरत नाही आणि तिथेच गणित गंडतं. राहिले ११८. साइट आपल्या पेमेंटमधून आधीच कर कापून सरकारला भरते, टीसीएस ०.५ टक्के आणि टीडीएस ०.१ टक्के, ते मात्र खर्चात धरू नका, टीसीएस आपल्या जीएसटीच्या खात्यात (कॅश लेजर) जमा होतो, टीडीएस इन्कम टॅक्सचं रिटर्न भरताना मिळतो.

आता ११८ ला ४९९ ने भागा, साडेतेवीस टक्के येतात. जाहिरातीच्या भाषेत एकॉस म्हणून एक आकडा असतो, जाहिरातीतून आलेल्या विक्रीच्या किती टक्के पैसे जाहिरातीवर गेले तो. आपला एकॉस साडेतेवीसला पोचला म्हणजे टॉवेल बिननफ्याचे विकले, त्याच्या वर गेला की घरातून घालायलोय. यूट्यूबवर कुणी तीस टक्के चांगला, कुणी पंधरा चांगला म्हणतं, त्याला अर्थ नाही, तुमचा आकडा तुमच्या नफ्यावरूनच निघणार.

पुढचा भाग नीट वाचा. शंभर क्लिकला आठ ऑर्डर येत असतील तर एका ऑर्डरला साडेबारा क्लिक लागले. ११८ भागिले साडेबारा, म्हणजे एका क्लिकला जास्तीत जास्त ९ रुपये ४४ पैसे परवडतात आणि अर्धा नफा स्वतःकडे ठेवायचा म्हटलं तर ४ रुपये ७२ पैसे. पण शंभराला चारच ऑर्डर येत असतील तर २५ क्लिक लागतात, आणि तेच ४ रुपये ७२ पैसे दिले की नफा शून्य! दर तोच, माल तोच, फक्त पेजवर आलेलं गिऱ्हाईक घेतंय का नाही एवढाच फरक. म्हणून बोली, म्हणजे एका क्लिकला आपण जास्तीत जास्त किती देणार तो आकडा, कमी करत बसण्याआधी पेज सुधारा.

जाहिरातीच्या बिलावर १८ टक्के जीएसटी लागतो हे पण लक्षात ठेवा. नेहमीची जीएसटी भरत असाल तर क्रेडिट मिळतं, म्हणजे आपल्या भरायच्या जीएसटीतून तो वजा होतो, पण पैसे आधी खिशातून जातात. अकाउंटला आपला जीएसटी नंबर बरोबर टाकलाय का ते सीएकडून एकदा बघून घ्या.

पेज नीट नसेल तर जाहिरात नको

मुख्य फोटो पांढऱ्या बॅकग्राउंडवरच लागतो, तो सगळ्यांचा सारखाच दिसतो. खरं काम दुसरा-तिसरा फोटो करतो. आमच्या टॉवेलला "पातळ आहे" म्हणून रिटर्न यायचे, मग आम्ही टॉवेलची घडी हातात धरून जाडी दिसेल असा एक फोटो टाकला आणि दुसऱ्यात वजनकाट्यावर ठेवलेला टॉवेल, काट्यावरचा आकडा स्पष्ट दिसतोय असा. बास. जीएसएम (एका चौरस मीटर कापडाचं वजन) किती हे गिऱ्हाइकाला कळत नाही, पण काट्यावरचे ग्रॅम कळतात. साइज इंचातही लिहा, सेंटिमीटरमध्येही लिहा. रंग फोटोत जास्त भडक येतो, त्याकडे बघा.

रिव्ह्यू एकही नसेल तर थोडं थांबा, भाव जरा कमी ठेवून पाच-दहा खरे रिव्ह्यू येऊ द्या. मामेभाऊ-मावसभावांकडून लिहून घ्यायच्या भानगडीत पडू नका, पकडलं की अकाउंट जातं. आणि दहा प्रॉडक्टवर एकदम जाहिरात नको. जे आपोआप थोडं विकतंय असं एक किंवा दोन निवडा. जे मुळात विकतच नाही त्याला जाहिरात लावून ढकलणं म्हणजे बंद पडलेल्या रिक्षाला धक्का मारत सात रस्त्यापर्यंत नेण्यासारखं आहे.

दोन आठवडे ऑटो

अ‍ॅमेझॉनवर स्पॉन्सर्ड प्रॉडक्ट्स नावाची जाहिरात असते, सुरुवात तिथूनच करा, तिला ट्रेडमार्क लागत नाही. आपल्या ब्रँडचं नाव-लोगो दाखवणाऱ्या स्पॉन्सर्ड ब्रँड्सला ब्रँड रजिस्ट्री, म्हणजे अ‍ॅमेझॉनकडे ब्रँडची नोंदणी, लागते, ते नंतर. कॅम्पेन करताना ऑटो का मॅन्युअल विचारतं, ऑटो घ्या. ऑटोमध्ये तुमच्या टायटल आणि माहितीवरून सिस्टिमच ठरवते की कुठे दाखवायचं. रोजचं बजेट दीडशे-दोनशे पुरे. एखाद्या दिवशी त्याहून जास्त कापलेलं दिसेल, घाबरू नका, ते महिन्याच्या सरासरीने सांभाळतात. बोली लावताना तीन पर्याय येतात, फिक्स्ड, फक्त कमी करणारा, आणि कमी-जास्त दोन्ही करणारा. नवीन माणसाने फक्त कमी करणारा घ्यावा, कारण दोन्हीवाल्यात सिस्टिम तुमची बोली दुपटीपर्यंत वर नेऊ शकते आणि आपण पाच लावले म्हणून निवांत झोपलेलो असतो.

माझी झोप अशीच महागात गेली. पहिली जाहिरात दिवाळीच्या तोंडावर लावली, एका साइटवर, रोजचे पाचशे टाकले आणि मालाच्या गडबडीत बघितलंच नाही. आठवड्याने उघडलं तर क्लिक भरपूर आणि ऑर्डर दोन. क्लिक यायलेत आणि ऑर्डर येईनात म्हणून खाली शोधत गेलो तर निम्म्याहून जास्त क्लिक "टॉवेल होल्डर" आणि "टॉवेल स्टँड बाथरूम" वरून. लोक स्टीलचा रॉड शोधायलेत आणि मी त्यांना टॉवेल दाखवायलोय! तीन हजाराच्या वर गेले. काका काही बोलले नाहीत, फक्त कुणी पाहुणं आलं की "आमचा पुतण्या होल्डर पण विकतो" म्हणून सांगायचे, वर्षभर.

तर ऑटोमध्ये चार गट असतात. अगदी जवळचे शब्द, लांबचे शब्द, आपल्यासारखा दुसऱ्याचा माल, आणि सोबत लागणारा माल. होल्डर-स्टँडवाले लोक येतात ते बहुतेक या लांबच्या आणि सोबतवाल्या गटातून. चारही गटांना वेगवेगळी बोली लावता येते, हे दोन पहिल्या दिवशीच कमी करा किंवा बंद ठेवा.

आठवड्यातून एकदा रिपोर्ट

सर्च टर्म रिपोर्ट डाउनलोड करा, एक्सेलमध्ये उघडा आणि खर्चाच्या रकान्यावर उतरत्या क्रमाने लावा. मोबाइलवर नको, लॅपटॉप नसेल तर नेट कॅफेत जा, एक तासाचं काम आहे. त्यात गिऱ्हाइकाने खरोखर टाइप केलेले शब्द असतात, आणि मला विचाराल तर जाहिरातीच्या पैशात मिळणारी सगळ्यात मोलाची गोष्ट हीच.

ज्या शब्दाचा आपल्या मालाशी संबंधच नाही तो लगेच निगेटिव्हमध्ये टाका, म्हणजे त्या शब्दाला जाहिरात दिसणार नाही. टॉवेलला होल्डर, स्टँड, पेपर, मायक्रोफायबर. चादरवाल्यांनी फिटेड, इलास्टिक, प्लास्टिक, मच्छरदाणी. ज्या शब्दाचा संबंध आहे पण ऑर्डर नाही, त्याला घाई करू नका. आपल्याला एका ऑर्डरला साडेबारा क्लिक लागतात ना, मग सहा क्लिकवर त्याला नापास का करायचं, पंचवीसेक क्लिक होऊन पण काही नाही तर काढा.

आणि जे शब्द ऑर्डर देतायत ते उचलून मॅन्युअल कॅम्पेनमध्ये (जिथे शब्द आपण स्वतः निवडतो) एक्झॅक्ट म्हणून लावा, म्हणजे जवळपास तोच शब्द टाकला तरच जाहिरात दिसते. इथे गंमती सापडतात. सोलापुरी चादर लोक इंग्रजीत कशी लिहितात बघा, कुणी एक डी, कुणी दोन, कुणी डीला एच लावतं, कुणी सोलापूरच शोलापूर लिहितं. हे सगळे वेगवेगळे घालून ठेवा. मला एकदा "टॉवेल टोपी सेट" सापडलं, लग्नात आहेराला द्यायला कुणीतरी शोधत होतं. आपल्याकडे पिढ्यान्-पिढ्या टॉवेल-टोपीचा आहेर चालतो आणि तो शब्द लावायचं मला सुचलं नव्हतं! दहा नॅपकिनचा आहेर सेट म्हणून वेगळं लिस्टिंग केलं, तिथे क्लिक स्वस्त पडतो कारण मोठे ब्रँड त्या शब्दावर येत नाहीत.

नावावरून आठवलं. सोलापूर चादर आणि सोलापूर टेरी टॉवेल दोन्हींना जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, आहे. बाहेरचा माल सोलापुरी म्हणून शंभर जण विकतायत, त्यांच्याकडे बघून तुम्हीही बाहेरून आणलेल्या गठ्ठ्याला सोलापुरी लिहू नका. खरंच इथे विणत असाल तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करून घ्या आणि पेजवर लूमचा एक फोटो टाका.

बोली आठवड्यातून एकदाच बदला, आणि एका वेळी रुपया-आठ आण्यानेच. रोज सकाळी उठून बदलणारे लोक मला माहितीयत, त्यांना काय कशामुळे झालं ते कधीच कळत नाही. शिवाय आज क्लिक केलेलं गिऱ्हाईक चार दिवसांनी घेतं, अ‍ॅमेझॉन सेलरच्या स्पॉन्सर्ड प्रॉडक्ट्सला क्लिकनंतर सात दिवसांपर्यंतची ऑर्डर जाहिरातीच्या खात्यात धरतं, त्यामुळे कालचा एकॉस आज बघून रडू नका.

सण, गड्डा आणि सुट्ट्या

थंडी सुरू झाली की चादर चालते, तुळशीच्या लग्नानंतर आहेराचा माल. तेव्हा बोली थोडी वाढवली तरी चालते. मोठ्या सेलच्या दिवसांत मात्र सगळेच बोली वाढवतात, तेव्हा परवडत नसेल तर गप्प बसा.

आपल्याकडे उलटी अडचण वेगळीच. जानेवारीत सिद्धेश्वराची यात्रा, गड्डा, कामगार सुट्टीवर. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय रथोत्सव, पूर्व भाग बंद. जाहिरात चालू राहते, ऑर्डर येत राहतात, पॅक करायला माणूस नाही, डिस्पॅच लेट झालं की अकाउंटचं रेटिंग पडतं. म्हणून सुट्टीच्या आदल्या दिवशी बजेट खाली आणा. कॅलेंडरवर आत्ताच गोल करून ठेवा.

फ्लिपकार्ट आणि मीशोवरही क्लिकचेच पैसे आहेत, हिशोब तोच. फक्त मीशोवरचं गिऱ्हाईक भावाला चिकट आणि कॅश ऑन डिलिव्हरीचं प्रमाण जास्त, दारातून परत येणारे पार्सल जास्त धरून मग ११८ चा आकडा नव्याने काढा. तिन्हीकडे एकदम सुरू करू नका.

एजन्सीला काम द्यायचं असेल तर

आम्ही एकदा दिलं होतं, महिना आठ हजार. पहिल्या महिन्याला रिपोर्ट असा सुंदर की काका खुश, एकॉस सहा टक्के! मी शब्द बघितले तर निम्मी विक्री आमच्याच ब्रँडच्या नावावर. म्हणजे जे गिऱ्हाईक आमचं नाव टाइप करून आमच्याकडेच यायलंय, त्याला वाटेत गाठून आमच्याकडूनच क्लिकचे पैसे घेतले. तेव्हापासून मी कुणालाही दोनच गोष्टी विचारतो, स्वतःच्या नावाचे शब्द वेगळ्या कॅम्पेनमध्ये ठेवणार का, आणि जाहिरातीतून आलेली आणि आपोआप झालेली मिळून एकूण विक्रीच्या किती टक्के जाहिरातीवर गेले ते दर महिन्याला लिहून देणार का. दुसऱ्या प्रश्नाला बरेच जण चहा संपवून उठतात. जो राहील त्यालाही आपला पासवर्ड देऊ नका, सेटिंगमध्ये यूजर परमिशन असते, त्यातून फक्त जाहिरातीचं दार उघडून द्या, बँकेच्या पानाला कुलूप राहू द्या.