स्पूलचा टेपरेकॉर्डर बिघडला? आधी टेप बघा

माझा स्पूलचा टेपरेकॉर्डर एकदा किंचाळायला लागला. मी लगेच झाकण उघडून मोटरला तेल पाजलं. ते ओघळून पिंच रोलरच्या, म्हणजे टेप दाबून पुढे सरकवणाऱ्या चाकाच्या, रबरावर गेलं आणि टेप घसरायला लागली. एका दुखण्याची दोन झाली, आणि मूळ दुखणं मशीनचं नव्हतंच.

म्हणून आता आधी दुसरी टेप लावून बघतो. ती गुमान वाजली तर दोष पहिल्या टेपचा. 1970-80च्या दशकांतल्या बऱ्याच टेपांचा, त्यातही पाठीवर काळा लेप असलेल्यांचा, लोहकण धरून ठेवणारा थर हवेतला ओलावा पिऊन चिकट होतो. हेडवर, म्हणजे टेपवरचं रेकॉर्डिंग वाचणाऱ्या भागावर, तपकिरी राप बसतो. अशी टेप रेटून वाजवू नका, रेकॉर्डिंगच खरवडून निघतं. जाणकार ती साधारण 54 अंशांवर काही तास तापवतात, मग ती थोडे दिवस वाजते. घरच्या ओव्हनमध्ये हा प्रयोग नको. आणि आधी स्पूल उजेडासमोर धरा. कडेने आरपार उजेड आला, तर टेप ॲसिटेटची, म्हणजे एका जुन्या प्लास्टिकची, असणार. ती तापवायचीच नाही.

आवाज दबका येतोय? लोहकणांची बाजू हेडकडे आहे ना, ते बघा (मी उलटी लावून तासभर हेडला शिव्या दिल्यात). मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापूसकाडीने हेड आणि कॅपस्टन (टेप ओढणारा फिरता दांडा) पुसा, काडी पांढरी निघेपर्यंत. रबराला मात्र सौम्य साबणाचं पाणी.

गाणं संथ आणि जाडसर वाटलं तर मशीनमागची पट्टी वाचा. 60 हर्ट्झच्या विजेसाठी बनवलेली सिंक्रोनस मोटर (विजेच्या हर्ट्झप्रमाणे वेग धरणारी) आपल्याकडच्या 50वर लावली, तर सेकंदाला 19 सेंटिमीटरऐवजी जेमतेम 16 सेंटिमीटर टेप सरकते. पट्टीवर 50च असेल, तर बेल्ट बघा. जुना बेल्ट डांबरासारखा वितळतो, हातमोजे घाला.

प्लेचं बटण दाबूनही काहीच हलत नसेल, तर टेपचा ताण धरणारा दांडा बोटाने उचलून बघा. बऱ्याच मशीनमध्ये त्याच्याखाली छोटा स्विच असतो. टेप सैल असली की तो मोटर बंद ठेवतो.

खरखर बहुतेक वेळा कळकट स्विचची असते. वीज बंद करून रेकॉर्ड-प्लेचा स्विच वीसेक वेळा मागेपुढे करा. पण जळका वास आला, तर प्लग काढा आणि तिथेच थांबा. वीज साठवणारे मोठे कपॅसिटर प्लग काढल्यावरही झटका देऊ शकतात.