ऑफिसटाइमचं बी मातीखाली पुरू नका

इंदूरला लोकमान्यनगरात आमच्या कंपाउंडच्या भिंतीलगत दोन फूट रुंदीचा पट्टा आहे. दिवसभर रणरणतं ऊन, आणि नळाला नर्मदेचं पाणी एक दिवसाआड. तिथे मोगरा जगला नाही, झेंडू जगला नाही. टिकला तो ऑफिसटाइम. कुणी चिनी गुलाब म्हणतं, शेजारच्या हिंदी घरांत दसबजिया. घोळीच्या भाजीचा हा सख्खा नातलग. पानं आणि देठ पाणी साठवतात, म्हणून उन्हाळ्यातल्या गरम वाऱ्यातही, लू सुटली तरी, तो मान टाकत नाही.

एक-दोन कुंड्यांना जुन्या झाडाची खोचलेली काडी पुरते. पट्टा भरायचा तर बीच लावा, रंगही भरपूर मिळतात.

बी खसखशीहून बारीक, राखाडी, किंचित चमकणारं. पहिल्या वर्षी मी ते टाकून वर अर्धा इंच शेणखत पसरलं. तीन आठवडे मातीकडे बघत बसले, काही नाही. पण कुंडीच्या काठाशी, जिथे रिकामी पुडी झटकली होती, तिथे उघड्या मातीवर लालसर देठाची सात रोपं उभी होती! याला उगवायला उजेड लागतो. एवढं एक लक्षात ठेवलंत तरी पुडी वाया जायची नाही.

होळी उलटली, रात्री पांघरूण नकोसं झालं की पेरा. आपली माळव्याची काळी माती पाणी धरून बसते आणि मुळं कुजतात, म्हणून ट्रेत जेवढी माती तेवढीच रेती घ्या, त्यातच थोडं चाळलेलं जुनं शेणखत मिसळा. बी मूठभर कोरड्या बारीक रेतीत कालवून चिमटीने भुरभुरा आणि तळव्याने हलकेच दाबा. वरून पाणी घालू नका, बी वाहून एका कोपऱ्यात जमतं. ट्रे पाण्याच्या परातीत ठेवा, माती वरपर्यंत काळी झाली की उचला. आठ ते चौदा दिवसांत कोंब दिसतात. रोपं दोन इंचांची झाली की वीतभर अंतराने पट्ट्यात लावा. जागा थोडी उंच करून घ्या, पावसात पाणी तुंबता कामा नये. जीव धरल्यावर तीन-चार दिवसांनी एकदा पाणी पुरे. खताचा मारा केलात तर नुसता पाला माजेल.

फूल मिटलं की त्या जागी टोकदार बोंड धरतं. ते पिवळसर पडलं की वरचा अर्धा भाग डबीच्या झाकणासारखा सुटतो, आत बियांची वाटी भरलेली. वाऱ्याने ती सांडायच्या आत गाठायची. म्हणून मी सकाळी चहाच्या आधी बोटाने एकेक बोंड चाचपते. झाकण सहज निघालं तरच खाली वाटी धरून उलटं करते. भरगच्च पाकळ्यांच्या झाडाच्या बियांतून काही रोपं एकेरी फुलांची निघतात. हुबेहूब तेच फूल हवं असेल तर काडीच खोचा.

बी दोन दिवस सावलीत वाळवून होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटल्यांत ठेवते, वर रंगाची चिठ्ठी. पिवळ्याची बाटली भरत आली आहे, राणी रंगाच्या बाटलीत बी अजून तळाशीच आहे.